जुने मराठी चित्रपट बघायचेत? मग सुरुवात मधूनच करा

दहाएक वर्षांपूर्वी मी ठरवलं, की जुने मराठी चित्रपट नीट, क्रमाने बघायचे. क्रमाने म्हणजे अगदी पहिल्यापासून. म्हणून एका रविवारी दुपारी ‘अयोध्येचा राजा’ लावला. १९३२चा, प्रभात फिल्म कंपनीचा, मराठीतला पहिला बोलपट. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरमधून गात होते, पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडत होता, आणि तारामती झालेल्या दुर्गा खोटेंवर संकटं कोसळायच्या आत मला झोप लागली. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी नाद सोडला आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणणारी माणसं थापा मारतात, अशी स्वतःची समजूत घातली.

दोन वर्षांनी नाना, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आले. त्यांचं तरुणपण सांगलीकडच्या जत्रांमधल्या तंबूतल्या सिनेमावर पोसलेलं. त्यांच्या शेजारी बसून तेच चित्रपट पुन्हा बघायला लागले तेव्हा कळलं, की मी चुकीच्या टोकाकडून शिरले होते, आवाज धड ऐकतच नव्हते, आणि कित्येकदा तर प्रतच भलती लावलेली असायची. तुमचे तीन रविवार वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी हाताशी काय हवं

- बरा आवाज देणारा स्पीकर किंवा हेडफोन. पडदा लहान असला तरी चालेल, आवाज लहान नको.
- टीव्हीवर बघणार असाल तर रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण कुठे आहे, ते आधी शोधून ठेवा. का, ते पुढे येईल.
- एक वही. नावं, सालं आणि न कळलेले शब्द लिहायला.
- मराठी शब्दकोश. मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो, आणि जुन्या संवादांना तो बरोबर पुरतो.
- जमलं तर सत्तरीपुढचं एक माणूस. याला दुसरा पर्याय मला अजून सापडलेला नाही.

१. सुरुवात मधून करा, मग मागे चालत जा

पहिला चित्रपट १९५० ते १९६५ या काळातला निवडा. तोवर ध्वनिमुद्रण सुधारलेलं होतं, पार्श्वगायन रुळलेलं होतं, आणि माणसं आपल्या आजोबांसारखी बोलत होती. माझी शिफारस राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’ची (१९५२). लाख रुपये उधळून दाखवायची गंमत आहे, राजा गोसावी आहेत, आणि ‘त्या तिथे पलीकडे तिकडे’ हे मालती पांडे यांचं गाणं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच. त्यानंतर ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०). यातली ‘एक धागा सुखाचा’ आणि ‘बाई मी विकत घेतला श्याम’ घराघरांत वाजलेली आहेत. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडके यांच्या. गाणं ओळखीचं असलं, की परक्या घरात शिरताना कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं.

हे दोन पचले की मागे चालायला लागा. आधी मास्टर विनायक यांचे विनोदी चित्रपट, मग प्रभात. मूकपट सगळ्यांत शेवटी. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) आज थोडाच भाग बघायला मिळतो. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं आहे, हे ठाऊक असूनही पहिल्यांदा बघताना दचकायला होतं. पण तिथून सुरुवात केलीत तर तुम्हीही माझ्यासारखे झोपाल.

२. डोळ्यांआधी कान तयार करा

माझ्या मते नवा माणूस जुन्या चित्रपटाला कंटाळतो तो चित्रापायी नाही, आवाजापायी. आपल्याला कुजबुजीतला अभिनय ऐकायची सवय झालेली. तेव्हाची बरीच मंडळी संगीत नाटकातून आलेली. माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, ही त्यांची तालीम. सुरुवातीच्या बोलपटांत नट स्वतःच गात आणि चित्रीकरण चालू असतानाच गाणं मुद्रित होई. वादक पडद्याच्या कडेला, माईक कुठेतरी दडवलेला, आणि नटाने त्याच्या टापूबाहेर जायचं नाही. एकाच जागी उभं राहून गाणाऱ्या माणसाला आपण ‘नाटकी’ म्हणतो, पण त्याच्या पायाला माईकची दोरी बांधलेली होती, हे लक्षात घ्यायला हवं.

म्हणून मी करते ते असं: चित्रपट बघायच्या दोन-तीन दिवस आधी त्यातली गाणी नुसती ऐकते. भाजी निवडताना, लोकलमध्ये, कुठेही. पहिली दहा मिनिटं आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवते. संवाद निसटला तर लगेच मागे जात नाही, कारण तेव्हाचे लेखक महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगत. आणि सबटायटलवर भरवसा ठेवू नका. कोल्हापूरकडच्या बोलीतली एक झणझणीत शिवी इंग्रजीत ‘मूर्ख माणसा’ होऊन येते आणि नाना पोट धरून हसत असताना तुम्ही कोरडेच राहता.

३. बरोबर प्रत ओळखा (सगळ्यांत जास्त फसगत इथेच)

साठ वर्षं उलटलेल्या चित्रपटांवरचा स्वामित्व हक्क भारतात संपतो. त्यामुळे जुने चित्रपट इंटरनेटवर पुष्कळ सापडतात, आणि कोणीही, कसेही चढवतो. बघायला बसण्यापूर्वी एवढं तपासा.

*भाषा.* प्रभात आपले बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोनदा चित्रित करत असे. हे डबिंग नव्हे. दृश्य तेच, पण पुन्हा वेगळं चित्रित केलेलं, कधीकधी नटही वेगळे. ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ आहे, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. मराठी ‘शेजारी’त (१९४१) केशवराव दाते आणि गजानन जागीरदार आहेत, हिंदीत दाते यांच्या हिंदू म्हाताऱ्याच्या जागी मझहर खान आले आणि मुसलमान मिर्झा जागीरदारांकडेच राहिला. दोन धर्मांच्या दोन मित्रांची गोष्ट, आणि हिंदीत हिंदूचं काम मुसलमान नटाकडे, मुसलमानाचं हिंदू नटाकडे. दोन्ही प्रती लागोपाठ बघा, त्यातही मौज आहे. फक्त कुठली बघतोय ते माहीत असू द्या. एका दुकानातून मी मराठी नाव छापलेली व्हीसीडी विकत आणली होती, आत हिंदी प्रत निघाली. दुकानदार म्हणाला, “ताई, सिनेमा तोच आहे ना?”

*लांबी.* ‘संत तुकाराम’ दोन तासांहून थोडा मोठा आहे. दीड तासाची प्रत दिसली तर गाणी नाहीतर गोष्ट, काहीतरी कापलेलं आहे. सगळ्यांत मोठी प्रत शोधा.

*आकार.* तेव्हाचं चित्र जवळजवळ चौकोनी असे, चारास तीन. आजच्या आडव्या टीव्हीवर ते ताणलं की सगळे नट बुटके आणि गुबगुबीत दिसतात. मी कित्येक महिने शांता आपटेंना गोल चेहऱ्याच्या समजत होते! दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर चित्र बरोबर आहे. काही जण पट्ट्या जाव्यात म्हणून चित्र वरून-खालून कापतात, तेव्हा कपाळं उडतात. ती प्रत सोडून द्या.

*वेग.* मूकपटातली माणसं तुरुतुरु चालतात ती त्या काळी घाई होती म्हणून नव्हे. तेव्हा सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं घेत. तीच फीत चोवीसच्या वेगाने चालवली की सगळेच धावायला लागतात. प्लेअरमध्ये वेग कमी करता येतो, करून बघा.

*रंग.* कृष्णधवल चित्रपट नंतर रंगवलेला असेल तर बघू नका. यावर माझ्याशी वाद घालू नये.

४. चार वाटा ओळखा

शेकडो नावांत गांगरून जाण्यापेक्षा चार वाटा धरा. कुठलीतरी एक तुम्हाला आपोआप आवडेल.

पहिली प्रभातची. १९२९ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. तुतारी फुंकणारी स्त्री दिसली की समजायचं, प्रभात. इथे दोनच चित्रपट आधी बघा. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६), आणि शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७).

‘कुंकू’बद्दल थोडं थांबून सांगते. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, एवढीच गोष्ट. रडारड होईल असं वाटतं, पण शांता आपटेंची नीरा रडण्यापेक्षा चिडते जास्त. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचा ठोका, दाराची कडी, रस्त्यावरचा गलका, एवढ्यावर सगळं पेललेलं आहे. ते भिंतीवरचं घड्याळ नीट ऐका. म्हाताऱ्याचं वय तेच मोजत बसलेलं असतं. आणि केशवराव दाते! ज्याचा राग यायला हवा त्या काकासाहेबांची शेवटी शेवटी कीव यायला लागते आणि आपलीच आपल्याला लाज वाटते.

दुसरी वाट मास्टर विनायक आणि अत्र्यांच्या विनोदाची. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९). दुसऱ्यात दामूअण्णा मालवणकर आहेत, आणि ते नुसते बघत उभे राहिले तरी हसू येतं. ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात आल्या म्हणून त्या काळी केवढी खळबळ झाली होती. आज ते दृश्य निरागस वाटतं. ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यांची उडवलेली टर मात्र अजून ताजी आहे.

तिसरी वाट कोल्हापूरच्या मातीची: भालजी पेंढारकर, अनंत माने, तमाशापट. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘साधी माणसं’ (१९६५) बघा. ‘साधी माणसं’ला संगीत ‘आनंदघन’ यांचं आहे. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, त्यांनी टोपणनावाने दिलेलं. लोहाराच्या भात्यापुढे ‘ऐरणीच्या देवा तुला’ म्हणणाऱ्या जयश्री गडकर बघताना नानांचे डोळे दर वेळी भरून येतात आणि दर वेळी ते चष्मा पुसायचं निमित्त करतात.

चौथी राजा परांजपे-गदिमा-फडके यांची, शहरी मध्यमवर्गाची. तुम्ही सुरुवात तिथूनच केलेली आहे. तिच्यातला ‘ऊन पाऊस’ (१९५४) मात्र आईवडील जवळ असतील त्या दिवशी बघू नका. नाहीतर त्याच दिवशी बघा.

अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) या चारांत कुठेच बसत नाही. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला चित्रपट आहे, बघाच. पण शाळेत पुस्तक वाचून रडला असाल तर थोडं अंतर पडू द्या.

५. नावांचा घोळ

श्रेयनामावलीत बहुतेकांचं नुसतं पहिलं नाव असतं, त्यामुळे पहिले सहा महिने माझी तारांबळ उडत होती. वहीतलं पान देऊन टाकते:

- सुलोचना दोन. सुलोचना लाटकर या अभिनेत्री, पुढे हिंदीतल्या कितीतरी नायकांच्या आई झालेल्या. सुलोचना चव्हाण या लावणी गाणाऱ्या.
- शांता दोन. ‘कुंकू’तल्या शांता आपटे, ‘माणूस’मध्ये (१९३९) ‘कशाला उद्याची बात’ म्हणणाऱ्या शांता हुबळीकर.
- राजा परांजपे आणि राजा गोसावी. पहिले दिग्दर्शकही आणि नटही. दुसरे विनोदाचे बादशहा.
- चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांढरे बंधू. चंद्रकांत गोखले वेगळे, ते विक्रम गोखले यांचे वडील.
- बाबुराव पेंटर हे कोल्हापूरचे चित्रकार-दिग्दर्शक, शांतारामांचे गुरू. बाबुराव पेंढारकर हे नट, भालजींचे थोरले भाऊ.
- वसंत अनेक. देसाई, पवार, प्रभू हे संगीतकार. वसंत शिंदे हसवणारे.

६. नटाकडे कसं बघायचं

मोठ्या संवादाच्या वेळी बोलणाऱ्याकडे सगळेच बघतात. तुम्ही ऐकणाऱ्याकडे बघा.

हे मी ‘संत तुकाराम’वरून शिकले. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आहेत. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा माणूस, आणि चेहऱ्यावरचा मऊपणा तिथूनच आला असावा असं मला वाटतं. पण चित्रपट उचलला आहे तो त्यांच्या बायकोने, आवलीने. ते काम करणाऱ्या गौरी या कसलेल्या नटी नव्हत्या. स्टुडिओतल्या किरकोळ कामांतून पुढे आलेल्या. नवरा विठ्ठलात हरवलेला असताना चूल कशी पेटवायची, हा सगळा हिशेब त्यांच्या कपाळावरच्या आठीत दिसतो. आजारी पोराला घेऊन ती देवळात शिरते आणि विठ्ठलालाच पायताण दाखवते, त्या दृश्यात भक्तिपटातली भक्ती क्षणभर बाजूला होते आणि फक्त एक आई उरते. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाची वाखाणणी झाली. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या तिथल्या लोकांना काय भिडलं असेल, तर मला वाटतं आवलीच.

जाता जाता एक: ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नाही. तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला. भजनात तो तुकोबांचा म्हणून म्हणणारे भेटले तर त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. मी गेले होते. भजनी मंडळाने दोन गुरुवार बोलावलं नाही.

हंसा वाडकर बघताना आणखी एक सवय लावा: चित्रपट झाल्यावर नटाचं आयुष्य वाचा. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ बघून झाले की त्यांचं आत्मचरित्र हाती घ्या. त्याचंही नाव ‘सांगत्ये ऐका’च. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ला (१९७७) आधार त्याचाच. शांता हुबळीकरांनीही आपल्या आत्मचरित्राला आपल्याच गाण्याचं नाव दिलं. पण चित्रपटाआधी वाचू नका. मग नाचातही तुम्हाला दुःखच दिसायला लागतं, आणि त्या बाईंनी तो नाच हसवायला केलेला असतो.

सगळंच आवडलं पाहिजे असं नाही. भालजींच्या ऐतिहासिक चित्रपटांतली भाषणं मला लांबतात. ‘पिंजरा’त (१९७२) मी डॉ. लागूंसाठी आणि निळू फुल्यांसाठी बसते, संध्याबाईंचे नाच मला जड जातात. नाना यावर दोन दिवस बोलत नाहीत. आणि काही चित्रपटांत बाई, जात, काळा रंग यांवरचे विनोद आज कानाला टोचतात. टोचले तर टोचू द्या, पुढे ढकलून बघू नका. त्याच काळात ‘कुंकू’ काढणारेही होते हे मग जास्त उठून दिसतं.

७. पुण्याची एक चक्कर

नाद लागलाच तर पुण्याला जा. प्रभातचा स्टुडिओ होता तिथेच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथून जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावर. संग्रहालयात खेळ असतात, मोठ्या पडद्यावर जुनी प्रत बघायची ती तिथे. अभ्यासासाठी एखादा चित्रपट किंवा जुनी मासिकं बघायची असतील तर आधी लिहून विचारा आणि सोबत हे ठेवा: फोटो असलेलं ओळखपत्र, कॉलेज किंवा संस्थेचं पत्र, आणि काय बघायचं त्याची नेमकी यादी, म्हणजे नाव, साल, दिग्दर्शक, भाषा. “जुने चित्रपट बघायचेत” असं मोघम सांगितलंत तर समोरचा माणूस काही करू शकत नाही. नियम आणि शुल्क बदलत राहतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर गाडी पकडू नका.

मुंबईकरांनी ‘प्रभात चित्र मंडळ’ या १९६८ पासूनच्या फिल्म सोसायटीची चौकशी करावी. नावात प्रभात असलं तरी ती कंपनीची शाखा नव्हे. मीही आधी तसंच समजले होते.

८. माळ्यावर काही सापडलं तर

बघताबघता तुमच्या लक्षात येईल, की यादीतली कितीतरी नावं कुठेच मिळत नाहीत. मूकपट तर बहुतेक सगळे गेले. १९५०च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असे, ती भराभर पेटते; काही रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली; २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुना ठेवा जळाला. तेव्हा जुन्या घरात कुणाकडे पत्र्याचा गोल डबा निघाला तर तो उघडून उन्हात ठेवू नका, प्रोजेक्टरवर चालवून बघू नका. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती नंतरची, सहज न पेटणारी ‘सेफ्टी’ फिल्म कुजायला लागली आहे. दोन्ही बाबतीत डबा गार, कोरड्या जागी, देवघर आणि गॅसपासून लांब ठेवायचा आणि संग्रहालयाला कळवायचं.

रिळं क्वचित सापडतात. गाण्यांच्या पुस्तिका मात्र सापडतात: चित्रपटगृहाबाहेर एक-दोन आण्यांना मिळायच्या त्या, चार-आठ पानी, आत गोष्टीचा सारांश आणि शेवटी ‘पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावर पाहा’ छापाची ओळ. कधीकधी हरवलेल्या चित्रपटाची तेवढीच खूण उरलेली असते. रद्दीवाल्याला देण्याआधी प्रत्येक पान हलवून बघा. नानांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एलआयसीच्या पावत्यांखाली आम्हाला अशा अकरा मिळाल्या. एकीच्या मागे पेन्सिलने कुणा बाईचं नाव लिहिलेलं आहे, सासूबाईंचं नव्हे. नाना म्हणतात, ती नटी होती. वहीतली सगळी नावं मी तपासली. कुठल्याच श्रेयनामावलीत ते नाव नाही.